पिवळ्या पिशवीचं वजन

मंगळवार, ९ डिसेंबर. निघताना हजर: मी, म्हणजे रुग्णालयाची मेट्रन; वंदना सिस्टर, सर्जिकल वॉर्डची प्रमुख; आणि शांताबाई, प्रसूतिगृहातली आमची सर्वांत जुनी मावशी. गैरहजर: ट्रस्टचे सचिव, पुतणीचा साखरपुडा निघाल्यामुळे. बरोबर घेतलेलं: तीन बॅगा, एक मोजपट्टी, एक वही आणि शांताबाईने फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकऱ्या.

आमचं रुग्णालय जुन्नर तालुक्यातलं, साठ खाटांचं. पावसाळा संपल्यावर झालेल्या तपासणीत आमच्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून पाहिल्या गेल्या. लाल पिशवीत शिळी खिचडी निघाली आणि घरगुती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत सलाइनच्या नळ्या. लेखी समज मिळाली. ट्रस्टने ठरवलं की ज्यांनी हे काम नीट बसवलंय त्यांच्याकडे जाऊन बघून यावं. आमच्या भूलतज्ज्ञांच्या ओळखीने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथली एकेक जागा मिळाली. चार दिवसांत बघायचं आणि परत येऊन मी आमच्यासाठी कार्यपद्धती लिहायची, एवढं काम. शांताबाईला नेण्याचा आग्रह माझा होता. पिशवीत हात तिचा जातो, सचिवांचा नाही.

ज्यांचा रुग्णालयाशी संबंध फक्त आजारपणापुरता येतो त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. रक्त लागलेला कापूस, बँडेज आणि माणसाच्या शरीरातून निघालेलं काहीही पिवळ्या पिशवीत जातं, ते जाळतात. सलाइनच्या बाटल्या, नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. ते निर्जंतुक करून प्लास्टिक पुन्हा वापरात जातं. सुया आणि ब्लेड पांढऱ्या जाड डब्यात, काच निळ्यात. प्रत्येक पिशवीचं वजन होतं, नोंद होते आणि ती न्यायला ठरलेली गाडी येते. वाचायला पाच मिनिटं लागतात. बसवायला किती लागतात ते बघायला आम्ही निघालो होतो.

कॅम्प दोन, आणि मग कॅम्प पाच

माळशेज घाट उतरून एसटीने कल्याणला आलो. वंदनाला घाटात मळमळलं नाही, हे तिच्या मते दौऱ्याचं पहिलं यश. कल्याणहून रिक्षा केली आणि उल्हासनगरातला कॅम्प पाच असं स्पष्ट सांगितलं, तरी रिक्षावाल्याने आम्हाला कॅम्प दोनच्या बाजारात आणून सोडलं. वंदनाने जाब विचारला तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं की तीन बायका आणि तीन बॅगा म्हणजे लग्नाची खरेदी, आणि खरेदी म्हणजे कॅम्प दोन. एवढा विचार त्याने आमच्यासाठी फुकट केला होता.

आलोच आहोत तर पिशव्या बघून घेऊ, म्हणून बाजारात शिरलो. आमच्या जुन्नरच्या बाजारात दुकानापुढे निदान दोन पावलं मोकळी असतात. इथे एका दुकानाचा माल दुसऱ्याच्या मालाला टेकलेला. साड्यांच्या ओळीनंतर फर्निचर, फर्निचरनंतर एकदम प्लास्टिक. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आम्ही मागितल्याबरोबर पिवळ्या पिशव्यांचा गठ्ठा काढून समोर ठेवला. वंदनाने एक घेऊन दोन्ही हातांनी ताणली, ती सरळ फाटली. तिने तो तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"दीदी, पीला मांगा, पीला दिया," ते म्हणाले. "अब क्या हल्दी लगाके दूं?"

"काका, इसमें खून जाता है, भजिया नहीं," वंदना म्हणाली.

ते हसले आणि आत जाऊन दुसरा गठ्ठा घेऊन आले. जाड, वर धोक्याची खूण छापलेली, ताणली तरी टिकणारी पिशवी. म्हणजे बरोबर माल होता, पण मागणाऱ्याला माहीत असेल तरच तो पुढे येत होता. वहीत पहिली नोंद झाली: खरेदीला जाणाऱ्याने पिशवी ताणून बघावी. आमचा स्टोअरकीपर पिशव्या फोनवरून मागवतो.

कॅम्प पाचचं नर्सिंग होम चार मजली अरुंद इमारतीत आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर वीस खाटा. ते सांभाळतात रूपा मॅडम, पन्नाशीच्या, सिंधी घरातल्या, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात सहज बोलणाऱ्या. आम्ही बसल्याबरोबर पाणी आलं आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड. आमच्याकडे पाहुण्याला पाणी, मग गूळ किंवा चहा. उन्हातून आल्यावर पापड खाऊन पाणी प्यायलं की तोंडाला चव येते, हे मला इथे कळलं. शांताबाईने पापड पदरात बांधून ठेवला. नंतर खाईन म्हणाली.

चार रंगांचे चार डबे प्रत्येक खाटेजवळ ठेवायचे, असं आम्ही आमच्याकडे केलं होतं आणि तिथेच फसलो होतो. डबा खाटेजवळ असला की पेशंटचे नातेवाईक त्यात केळ्याची सालं टाकतात. रूपा मॅडमकडे डबे ठेवायला जागाच नव्हती. त्यांनी कॅम्प दोनमधल्या एका वर्कशॉपमधून स्टीलच्या पाइपची ड्रेसिंगची ट्रॉली वळवून घेतली होती. वर औषधांचा ट्रे, खाली तीन कड्यांत तीन पिशव्या, बाजूला सुयांचा डबा. सिस्टर पेशंटकडे जाते तेव्हा कचऱ्याची जागा तिच्याबरोबर जाते आणि तिच्याबरोबर परत येते. वॉर्डात मागे काहीच उरत नाही.

"मॅडम, जगह नहीं है म्हणून डोकं चालवावं लागतं," रूपा मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे जागा आहे, तुम्ही आरामात बसलात."

हे मला लागलं, पण खरं होतं. मी ट्रॉलीची मापं घेतली. मोजपट्टीचं एक टोक शांताबाईने धरलं. नातेवाइकांसाठी त्यांनी एकच मोठा हिरवा डबा लिफ्टच्या दाराशी ठेवला होता, कारण घरून जेवणाचे डबे येणार, सगळं कुटुंब येणार, आणि ते थांबवता येणार नाही हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं. आमच्या लेखी समजेतली खिचडी अशाच एखाद्या डब्यात जायला हवी होती.

मुक्काम वंदनाच्या मावशीकडे, बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये. चौथ्या मजल्यावरचा नीटनेटका फ्लॅट, गॅलरीत कुंड्या, समोर अशाच इमारती. पूर्वी याच गॅलरीतून भातशेती दिसायची, असं मावशींनी सांगितलं.

बुधवार, अंबरनाथ

सकाळी अंबरनाथला ज्या रुग्णालयात पोचलो ते औद्योगिक वसाहतीच्या बाजूला आहे, आमच्यापेक्षा मोठं आणि फारच स्वच्छ. भिंतीवर मराठीत आणि इंग्रजीत तक्ते. प्रत्येक सिस्टरला रंग पाठ. मी अर्ध्या तासात चार पानं लिहिली. मग मागच्या दाराला कचरा नेणारी गाडी आली आणि त्यातली दोन पानं मला खोडावी लागली.

गाडीवर अन्वरभाई होते. गेली कित्येक वर्षं ते या पट्ट्यातल्या दवाखान्यांचा कचरा उचलतात. हुकाचा काटा त्यांच्या हातात, पण पिशवी उचलताच ते काट्याआधी वजन सांगायचे आणि आत काय असेल तेही. ही ऑपरेशन थिएटरची, ही ड्रेसिंगची. पिवळ्या पिशव्या इथे ढिगाने होत्या. त्यातली एक त्यांनी हलवली, आत काहीतरी गडगडलं.

"नारळ," अन्वरभाई म्हणाले. "मॅडम, यांच्या पिशवीत खून कम, प्रसाद जास्ती."

झालं होतं असं. तक्ते लागल्यापासून सिस्टर लोक चुकायला इतके घाबरले होते की शंका आली की पिवळ्यात, असा अलिखित नियम झाला होता. पेशंट घरी जाताना फोडलेला नारळ, पेढ्यांचे बॉक्स, हार, सगळं पिवळ्यात, कारण पिवळ्यात टाकलं की कोणी विचारत नाही. हे सगळं उगाचच जाळायला जात होतं. इन्चार्ज सिस्टर जवळच उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या की बोलणी खाण्यापेक्षा नारळ जाळलेला बरा. त्यांच्यावर मला हसता येईना. आम्ही उलट्या बाजूने चुकत होतो, एवढाच फरक.

मी अन्वरभाईंना विचारलं, हातानेच कसं कळतं? त्यांनी हिशेब समजावला. ऑपरेशनच्या दिवशी पिशवी किती भरते, ड्रेसिंगच्या दिवशी किती. बाळंतपण झालं की त्या दिवशी पिवळी पिशवी निदान अर्धा किलोने वाढलीच पाहिजे, कारण बाळ घरी जातं पण बाळामागून पडणारी वार पिशवीत जाते. रजिस्टर बघायचं तर आधी बाळंतपणं मोजा, मग वजन बघा, म्हणाले. हे मी वहीत चौकट काढून लिहून घेतलं. एवढी सोपी तपासणी कुठल्याच तक्त्यावर नव्हती.

दुपारी शिवमंदिर बघितलं. काळा दगड, भिंतीभर मूर्ती, गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. आमच्याकडच्या कुकडेश्वराची आठवण झाली, पण तिथे कुकडी नदी उगमाजवळ स्वच्छ असते. इथे देवळाला लागून जो ओढा जातो त्याच्याकडे बघून शांताबाईने नुसती मान हलवली. देवळाबाहेर मिसळ खाल्ली. वंदनाच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तिने उरलेला दिवस माझी दोरी बांधून काढला. दोरी यादीत नव्हती, पण माझ्या पर्समध्ये असते.

गुरुवार, बदलापूर

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे वंदनाचा उपास. मावशींनी तिला रताळ्याचा कीस दिला आणि आम्हाला पोहे. नऊ वाजता आम्ही डॉ. प्रधानांच्या प्रसूतिगृहात होतो.

तिन्ही जागांत हीच मला सर्वांत आवडली. बारा खाटा, साठीचे डॉक्टर, हळू बोलणारे, आणि बावीस वर्षं लेबर रूम सांभाळणाऱ्या हिराबाई. हिराबाई जवळच्या गावच्या, आगरी समाजातल्या, उंच, केसांत अबोलीची वेणी. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी रंगांची वाटणी स्वतःच्या शब्दांत बसवली होती आणि नव्या मुलींना तीच शिकवत होत्या: बाईच्या अंगातून निघालं ते पिवळ्यात, बाईच्या अंगाला लावलं ते लाल पिशवीत, टोचतं ते पांढऱ्यात. कापूस कुठे, विचारल्यावर म्हणाल्या, "त्याला रगत लागलंय ना? मग तो बाईचाच झाला." मी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. लाल पिशवीत एकही चूक नव्हती. सुयांचा डबा बरोबर खुणेपर्यंत भरलेला.

मग डॉक्टरांनी कौतुकाने त्यांचं रजिस्टर दाखवलं आणि मी आदल्या दिवशी शिकलेली तपासणी लावली. मागच्या आठवड्यात नऊ बाळंतपणं. पिवळ्या पिशव्यांचं आठवड्याचं वजन तीन किलो आणि वर थोडं. मी पुन्हा बेरीज केली. त्याच्या मागचा आठवडा बघितला, त्याच्याही मागचा.

"डॉक्टर, वजन कमी भरतंय," मी म्हणाले. "निदान दोन-तीन किलो कुठे तरी जातंय."

मला आनंद झाला होता, हे मान्य करायला हवं. शिकलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी लागू पडली होती. हिराबाई दारातच उभ्या होत्या हे मी पाहिलं होतं, पण त्याचा विचार केला नाही. डॉक्टरांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, बोट फिरवत गेले, आणि त्यांनी हिराबाईंना आत बोलावलं.

"हिराबाई, वार पिशवीत जात नाही का?"

"जाते, साहेब. ज्यांना नको त्यांची जाते."

"आणि बाकीच्यांची?"

"ज्यांनी मांगली त्यांना दिली. ज्यांच्याकडं पुरायला जागा नाय त्यांची मी घरी नेली." त्यांचा आवाज चढला नाही. "चोरी नाय केली. आयबापाला इचारून नेली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. एवढी वर्षं मला कोणी सांगितलं कसं नाही, असं त्यांनी विचारलं.

"बाया तुमाला कशा सांगतील? तुमी कागद मांगाल."

पुढचं बोलणं डॉक्टरांनीच केलं, तेही माझ्याकडे बघून, कारण हिराबाईंकडे बघून त्यांना ते जमत नव्हतं. नियमात वार पिवळ्यातच आहे. एखाद्या कुत्र्याने उकरून बाहेर काढली तर दवाखान्याचा परवाना जाईल आणि इथल्या बायका दूरच्या मोठ्या रुग्णालयात जातील. संसर्ग असलेली एखादी वार गेली असेल तर? यावर हिराबाई म्हणाल्या की ज्या बाईच्या कागदावर सिस्टर लाल गोल करते तिची वार त्यांनी कधीच कोणाला दिली नाही, नातेवाइकांनी पाया पडून मागितली तरी. डॉक्टरांनी ते मान्य केलं. पण कळल्यावर त्यांना हिराबाईंना लेबर रूममध्ये ठेवता येणार नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं.

हिराबाईंनी अॅप्रन काढला, त्याची चौघडी केली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. आत एक बाई कळा देत होती. ती हिराबाईंना नावाने हाका मारत होती आणि त्यांना तिच्याकडे जाता येत नव्हतं.

माझी बेरीज बरोबर होती. ती मी डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगायला हवी होती, किंवा आधी हिराबाईंना विचारायला हवं होतं. तीन दिवसांत मी दोनशेच्या वर नोंदी केल्या आणि ज्या बाईचं काम बघायला आले होते तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

बाहेर आल्यावर शांताबाई म्हणाली, "ताई, तिच्या घरी जाऊन येऊ." दौऱ्यात स्वतःहून तिने केलेली ही पहिली सूचना.

हिराबाईंचं परसू

दुपारी रिक्षाने बारवी धरणाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना अर्धवट उभ्या इमारती आणि मधूनच भात कापलेलं एखादं शेत. हिराबाईंचं घर गावाच्या टोकाला, कौलारू, मागे केळी, चार नारळ, शेवगा, जास्वंद. त्यांनी आम्हाला आधी जेवायला बसवलं. गुरुवार म्हणून मासळी नाही. वालाचं बिरडं आणि तांदळाची पांढरी, मऊ भाकरी. आमची बाजरीची भाकरी चावावी लागते, ही तोंडात विरते. शांताबाई भाकरी उलटसुलट करून बघत होती आणि पीठ कसं उकडता ते विचारत होती. वंदनाने उपासाचं कारण सांगून फक्त केळं घेतलं. ते याच परसातलं होतं.

रागाचं एक अक्षर हिराबाईंनी काढलं नाही. मी चुकले असं म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी ताटात भाकरी वाढली. मग आम्हाला मागे नेलं.

"ही स्वरा," एका केळीला हात लावून त्या म्हणाल्या. "हा तिचा भाऊस. हे जुले, नारलाखाली. ही अंबरनाथवाल्या मास्तरांची नात."

प्रत्येक जागेवर एक चपटा दगड होता. कमरेइतका खड्डा, खाली मीठ आणि हळद, वर चुना, मग माती, मग दगड, म्हणजे कुत्र्याला उकरता येत नाही. हे मी विचारलं आणि लिहून घेतलं, सवयीने. काही आया सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन येतात, झाडाला पाणी घालतात, फोटो काढतात.

ही माणसं कोण, असं मी विचारलं. घरोघर वार पुरायची पद्धत आमच्याकडेही होती, पण ती जुन्या बायकांबरोबर गेली असं मी धरून चालले होते.

"कोन म्हंजे? यांच्या आज्यांची शेती आमच्या शेतीला लागून. इकली. आता कात्रपला चौथ्या माल्यावर ऱ्हातात," हिराबाई म्हणाल्या. "सासू म्हनते वार घरच्या मातीत जाऊ दे. घर हाय, माती कुठं हाय? कुंडीत पुरतील?"

मला मावशींची गॅलरी आठवली. शांताबाई दगडांच्या मधून चालत पलीकडे गेली होती. तिथून तिने विचारलं, "सुपारी नाही ठेवत तुमच्यात?"

"नाय. नुस्ती हलद-मीठ."

"आमच्याकडं सुपारी ठेवतात."

दोघी मग केळीपाशी उकिडव्या बसून बराच वेळ बोलत राहिल्या. मी खड्ड्याची खोली मोजत होते. मोजपट्टीचं दुसरं टोक यावेळी वंदनाने धरलं.

निघताना हिराबाईंनी मला एकच गोष्ट विचारली. बावीस वर्षांत त्यांनी घरी फक्त रात्रीचं जेवण केलं होतं, बाकी दिवस लेबर रूममध्ये गेला. "मना परत आत घेतील का?" मी सांगितलं, बोलते.

शुक्रवार सकाळ

डॉक्टरही रात्रभर विचार करूनच बसले होते. काही घरांना वार हवी असते हे त्यांना माहीत होतं. तोंडी त्यांनी पूर्वी विचारलंही होतं. एका अधिकाऱ्याने सांगितलं की लेखी मागणी असेल तर द्या, दुसऱ्याने सांगितलं की कधीच देऊ नका. लेखी कोणीच दिलं नव्हतं.

आम्ही तासभर बसलो. काय ठरलं ते असं: वरून लेखी उत्तर येईपर्यंत सगळ्या वारी पिवळ्या पिशवीत. हिराबाई तोवर कपड्यांच्या खोलीत, चादरी आणि दुपटी बघतील. कामावरून काढणार नाहीत. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे एक अर्ज जाईल, ज्यात सरळ विचारलेलं असेल की तपासण्या निर्दोष असतील, आईची नवव्या महिन्यातली लेखी इच्छा असेल, बंद डबा असेल, पुरायची जागा आणि खोली नोंदलेली असेल, तर वार कुटुंबाला देता येते का. हो असं उत्तर आलं तर ते काम रजिस्टरसकट हिराबाईंकडेच. अर्जाचा मसुदा मी लिहायचा, कारण कार्यपद्धती मीच लिहिणार होते आणि वजन मीच काढलं होतं.

"एक अट आहे, मेट्रन," डॉक्टर म्हणाले. "अर्ज दोन रुग्णालयांचा हवा. माझ्या एकट्याचा गेला तर तो कबुलीजबाब होईल. तुमच्याकडे काय होतं तेही लिहा."

आमच्याकडे तसं काही होत नाही, असं मी सांगितलं.

"मोजलंत का?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

कपड्यांच्या खोलीवरून गेलो तेव्हा हिराबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. लेबर रूमचं दार लागूनच आहे. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं तशी त्यांनी मान वर केली, मुलगी आहे म्हणाल्या, आणि पुढची घडी घातली.

परत आल्यावर

येऊन बारा दिवस झाले. झालेली कामं: ट्रॉलीची मापं नारायणगावच्या वेल्डरकडे दिली, दोन ट्रॉल्या आल्या, एकीचं चाक वाजतं. नातेवाइकांसाठी हिरवा डबा जिन्याच्या तोंडाशी ठेवला. पहिल्याच दिवशी तो भरला आणि लाल पिशवी स्वच्छ राहिली. स्टोअरकीपरने पिशवी ताणून बघायला सुरुवात केली, तीन फाडल्या. हिराबाईंची रंगांची वाटणी मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली आणि आधीचा तक्ता काढून टाकला. कार्यपद्धतीची चार पानं ट्रस्टने मंजूर केली. सचिवांनी पेढे वाटले, बॉक्स हिरव्या डब्यात टाकला.

रविवारी ऑफिसात कोणी नव्हतं. मी तीन महिन्यांची रजिस्टरं काढली. एकीकडे बाळंतपणं लिहिली, दुसरीकडे पिवळ्या पिशव्यांचं वजन. बेरीज दोनदा केली. आमचंही कमी भरतं. बदलापूरइतकं नाही, पण रोजच्या पाळीनुसार बघितलं तर ज्या पाळीला कमी भरतं ती दर वेळी शांताबाईची असते.

तेव्हापासून अर्ज टेबलावर आहे. प्रति, विषय, संदर्भ लिहून झालं. त्यापुढचा परिच्छेद आमच्या प्रसूतिगृहाबद्दलचा, आणि तो शांताबाईला विचारल्याशिवाय खरा लिहिता येत नाही. विचारलं की मला कळेल. कळलं की तिला लेबर रूममधून हलवणं मलाच भाग आहे, चार पानांच्या कार्यपद्धतीखाली सही माझी आहे. न विचारता खोटं लिहिलं तर डॉ. प्रधान सही करणार नाहीत. आणि अर्ज गेलाच नाही तर तिकडे हिराबाई कपड्यांच्या खोलीतच राहतील.

या आठवड्यात शांताबाईची सकाळची पाळी आहे. सात वाजता ती येते, साडी खोचते, पिशव्या कड्यांना लावते आणि माझ्या दारातून डोकावते.

"ताई, बदलापूरचं पत्र गेलं का?"

लिहितेय, असं मी सांगते. आजही तेच सांगितलं.